येसूच्या डाव्या हाताचा चुडा

ऐक कंकणाई, तुझी कहाणी. आटपाट नगर होतं, नगरात बांगडआळी होती, आळीत आवडी नावाची कासारीण होती. दुकान बरं चालत होतं. नवरा माल आणायला परगावी जात होता. ठकू नावाची पाच वर्षांची लेक होती. उणं काही नव्हतं, पण आवडीला झोप नव्हती. आज लागेना, उद्या लागेना, परवा लागेना. का लागेना? तर तिनं लेकीला खेळताना ऐकलं होतं. ठकू चिंधीच्या बाहुलीला काकणं भरत होती. काकण अडलं, तशी ती बाहुलीला म्हणाली, "तुझाच हात निबर, त्याला मी काय करू?"

ते बोल लेकीचे नव्हते. ते आवडीचे स्वतःचे होते, शब्दाला शब्द.

मग झालं होतं काय? आठ दिवसांमागं येसू पाथरवटीण चुडा भरायला आली होती. जात्यांना टाकी लावणारी बाई, छिन्नीहातोडीनं हाताला घट्टे पडलेले. तिला सातवा लागला होता, हिरव्या बांगड्या भरायच्या होत्या. नेमकं त्याच वेळी आवडीला राणीचं बोलावणं आलं होतं. तिचं लक्ष राजवाड्याकडं. उजवा हात कसाबसा भरला. डावा घाईनं दाबला, तशी एक बांगडी वाढली, दुसरी वाढली, तिसरीनं रक्त काढलं. फुटली म्हणू नये, वाढली म्हणावं, हे तुम्हाला ठाऊकच आहे. आता आळीचा रिवाज असा, की भरताना वाढली ती कासाराची, घेणारीला बोल नाही. पण दुकानात चार बाया बघत होत्या. आवडीला लाज वाटली, आणि लाजेपोटी जीभ सैल सुटली. तुझाच हात निबर, त्याला मी काय करू, म्हणाली; कोपऱ्यात ठकू ऐकत होती. येसूनं वाढलेल्या तिन्ही बांगड्यांच्या मोलाचे जोंधळे मापून ठेवले आणि डावा हात रिकामा घेऊन ती घरी गेली. पुन्हा म्हणून आळीत आली नाही.

मग आवडीनं लेकीला जवळ घेतलं, असं बोलू नये म्हणून समजावलं. ठकू बरं म्हणाली. दुसऱ्या दिवशी बाहुलीला पुन्हा तेच. मग आवडी रागावली. ठकू रडली, आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. आवडीच्या मनात आलं, मी शिकवते एक आणि पोर उचलते दुसरंच. आता ही जन्मभर अशीच बोलणार आणि लोक म्हणणार, आईवर गेली.

अशी झुरत ती तळ्यावर गेली. तिथं तीन बाया पाण्यात हात बुडवून बसल्या होत्या. आवडीनं विचारलं, बाई बाई, कसला वसा वसता? त्या म्हणाल्या, कंकणाईचा. त्यानं काय होतं? धरलेलं काम साधतं, दुखावलेलं माणूस सांधतं, मागून येणारं पोर वाट शिकतं. मग मलाही सांगा, आवडी म्हणाली.

"तुला कशाला? उतशील, मातशील, घेतला वसा टाकून देशील."

दुसरी कुणी असती तर नाही नाही म्हणाली असती. पण आवडीला स्वतःची खात्री नव्हती. ती म्हणाली, "उतेनही, मातेनही. टाकला गेला तर दुसऱ्या दिवशी पुन्हा उचलीन. तेवढ्यावर चालेल का?"

तिघींनी एकमेकींकडं पाहिलं. थोरली हसली. "चालेल. बाकीच्याही तेवढंच करतात, कबूल करीत नाहीत."

मग तिनं वसा सांगितला. सकाळी दुकान उघडावं, कंकणाईला हळदकुंकू वाहावं. हात धरायच्या आधी माणूस बघावं, दमलीस का म्हणून विचारावं. आपल्या हातून बिघडलं ते दुसऱ्यानं दाखवायच्या आत आपण बोलावं. आणि दिवस मावळायच्या आत, आपल्याला न येणारी एखादी गोष्ट कुणाकडून तरी शिकावी, मग ती वयानं धाकटी का असेना. उद्यापन कसं करावं? ज्याला पहिला बोल लावला त्याच्या दारी जावं, चारचौघांत तो परत घ्यावा. नैवेद्याला गूळ चालतो.

आवडी घरी आली, वसा वसू लागली. पहिल्या दिवशी साधला, दुसऱ्या दिवशी साधला. तिसऱ्या दिवशी एक गिऱ्हाईक आलं, त्या बाईनं दुपारपर्यंत खुंटीवरचे बांगड्यांचे सगळे तोडे उतरवून बघितले आणि काही न घेता निघाली. तिची पाठ वळते न वळते तोच आवडी नको ते बोलली. वसा मोडला. मग चौथ्या दिवशी पुन्हा घेतला. असा तो किती वेळा मोडला ते सांगत नाही, ऐकणाऱ्यांपैकी कुणाला वसायचा असला तर धीर सुटायचा.

पण हळूहळू गुण दिसू लागला. तेल्याची धाकटी सून, सोळा वर्षांची पोर, तिनं शिकवलं, की कष्टाचा हात आधी कोमट पाण्यात ठेवावा, मग तेल लावावं, मग थांबावं. थांबायचं आवडीला सगळ्यांत जड गेलं. मग राणीचं बोलावणं आलं. राणीच्या हातावर एक बांगडी वाढली, तशी दासींनी श्वास रोखला. आवडी चटकन म्हणाली, बाईसाहेब, चूक माझी. राणी खूश झाली, खणनारळानं तिची ओटी भरली. आवडी मिरवत घरी आली, आणि उंबऱ्यातच थबकली. राणीला सांगणं सोपं गेलं, येसूला का जमत नाही? राणीनं ओटी भरली, येसू काय भरणार?

मग आज गिऱ्हाईक आहे, उद्या अमावस्या आहे, परवा ठकूला सर्दी आहे. असं करता करता येसूला नववा लागला. कुणी सांगितलं, की ती अजून एका हातानं रिकामीच आहे आणि विचारलं तर म्हणते, माझ्या हाताला चुडा सोसत नाही. बाळंतपणाला बाई अशीच रिकाम्या हातानं जाणार. मग मात्र आवडी उठली. पेटी घेतली, तेल घेतलं, गूळ घेतला, ठकूला बोटाशी धरलं आणि पाथरवटांच्या वस्तीवर गेली.

येसू जात्याला टाकी लावीत होती. मान वर न करता म्हणाली, "कासारीणबाई, वाट चुकलात? हात तोच आहे हो, काही मऊ झालेला नाही."

आवडीनं पेटी खाली ठेवली. म्हणाली, "हात निबर नव्हता, येसूबाई. घाई माझी होती. राजवाड्यात जायचं म्हणून मी तुमच्याकडं बघितलंच नाही. बांगड्या माझ्या हातून वाढल्या आणि बोल तुम्हाला लावला."

येसूनं हातोडी खाली ठेवली. "तेव्हा चारचौघींत बोलला होतात ना?" असं म्हणून तिनं हाका मारल्या, या गं सगळ्या, कासारीणबाईंना काही बोलायचंय. बाया जमल्या. आवडीनं दुसऱ्यांदा सांगितलं. मागं येसूची आजेसासू बसली होती, तिला ऐकू कमी. ती म्हणाली, काय म्हणते गं ही? मग आवडीनं तिसऱ्यांदा सांगितलं, मोठ्यानं, सगळ्या वस्तीला ऐकू जाईल असं. पहिल्यांदा सांगताना आवाज कापत होता, दुसऱ्यांदा डोळ्यांत पाणी होतं, तिसऱ्यांदा काहीच राहिलं नव्हतं, नुसता शब्द होता.

मग येसूनं डावा हात पुढं केला. आवडीनं तो कोमट पाण्यात ठेवला, तेल लावलं, थांबली. थांबता थांबता विचारलं, पाठ दुखते का? येसू म्हणाली, रात्रंदिवस. मग दोघी पाठीबद्दल बोलल्या, पायांच्या सुजेबद्दल बोलल्या, आणि बोलता बोलता चुडा भरून झाला. एकही बांगडी वाढली नाही. चुडा भरल्यावर भरणारीला नमस्कार करायचा असतो, पण येसूला वाकता येईना, पोट आड आलं. मग आवडीच वाकली. आजेसासूनं तिच्या हातावर गुळाचा खडा ठेवला, तिनंच आणलेल्या गुळातला.

जसा येसूचा हात भरला, तसा सर्वांचा भरो. जशी आवडीला झोप लागली, तशी तुम्हांआम्हां लागो. काम करणारीचा हात हलका होवो, चुकणारीची जीभ सरळ होवो, मोडलेला नेम दुसऱ्या सकाळी पुन्हा हाती येवो. ही साठा उत्तरांची कहाणी पाच उत्तरांतच सुफळ झाली असती, पण सहावं उत्तर ठकूचं. वस्तीवरून परतताना आवडीच्या मनात धाकधूक होती, की पोरीनं यातून काय घेतलं असेल, कोण जाणे. ठकूनं आईचं बोट ओढलं. मग म्हणाली,

"आई, परवा ताक मी सांडलं होतं. मार मांजरानं खाल्ला. आता आपण दोघी मांजराकडं जाऊ."