सुरीचं तळं

कातळगडाच्या पायथ्याला सोरवाडी, आणि सोरवाडीच्या वरच्या अंगाला, गडाची वाट सुरू होते तिथेच, हे तळं आहे. ताटासारखं गोल. त्याला घाट नाही, पायऱ्या नाहीत, काठावर साधा शेंदूर फासलेला दगडही नाही. गावातल्या बाया इथे धुणं धूत नाहीत, गुरांना कुणी इथे पाण्यावर आणत नाही. गडावर जाणारी मंडळी क्षणभर थांबतात, फोटो काढतात आणि पाण्यावर तरंगणाऱ्या लाकडांकडे बोट दाखवून विचारतात, हा कचरा कुणी टाकला? तो कचरा नव्हे. नीट बघा, प्रत्येक तुकड्याला मूठ आहे, पातं आहे. पांगाऱ्याच्या लाकडाच्या, वीतभर लांबीच्या त्या सुऱ्या आहेत. लग्नसराई संपताना आलात तर पंधरा-वीस दिसतील.

सगळ्या मुलखात नवरदेवाला हळद लागली की त्याच्या हाती लोखंड देतात. कट्यार असली तर कट्यार, नसली तर घरातली सुरी, आणि तिच्या टोकाला लिंबू. हळदीच्या अंगाला बाहेरची बाधा लवकर होते, लोखंड असलं की ती जवळ फिरकत नाही, असं म्हातारी माणसं सांगत आली. एक सोरवाडीच अशी, की इथे नवरदेवाला लाकडाची सुरी मिळते आणि लग्न लागलं की ती या तळ्यात सोडतात. सोयऱ्यांना त्याचं हसू येतं. ‘तुमच्या गावात लोहार उपाशी मेला वाटतं,’ अशी थट्टा दर लग्नात एकदा तरी होतेच. गावकरी ऐकून घेतात. उत्तर लांब आहे, आणि मांडवात बसून सांगण्यासारखं नाही.

तळ्याच्या जागी पूर्वी गडाचा दारूखाना होता. दारू म्हणजे तोफेची. नाहीतर ऐकणाऱ्यांचे कान उगाच टवकारतात. तीन जिनसांची ती करणी. सोरा, गंधक आणि कोळसा. वेगवेगळे ठेवले तर तिघंही गरीब. सोरा जुन्या गोठ्यांच्या मातीतून निघायचा, गंधक खरजेवर चोळायचं औषध, आणि कोळसा रुईच्या काड्यांचा, फुंकरीने उडून जाणारा. तिघं एकत्र कुटले की मात्र डोंगराला भोक पडायचं. हे काम निंबाजी दारूगराच्या घराण्याकडे होतं. दारू चांगली उतरली की नाही हे तो स्वतःच्या तळहातावर चिमूटभर पेटवून बघायचा. भसकन जळून गेली आणि हात पोळला नाही, तर दारू पास. त्याच्या तळहातावर म्हणे एक रेषा उरली नव्हती.

निंबाजीच्या दारूखान्याचा कायदा एकच होता. आत लोखंड न्यायचं नाही. उखळं दगडाची असली तरी मुसळं बाभळीची, चाळण्या बांबूच्या, मापं तांब्याची. दाराबाहेर कडुनिंबाचा एक खांब रोवलेला होता आणि त्याला खुंट्या होत्या. आत जाणाऱ्याने अंगावरचं सगळं तिथे अडकवायचं, कडं, अंगठी, चाकू, अगदी कानातली बाळीसुद्धा. मग पाय भिजवायचे आणि उंबरा ओलांडायचा. सोन्या-चांदीने ठिणगी पडत नाही हे निंबाजीला ठाऊक होतं. पण माणूस आधी चांदी नेतो आणि मागून लोखंड, असं तो म्हणायचा.

त्याची बायको ठकूबाई. गोठ्यागोठ्यातून माती खरवडून आणायची, ती पाण्यात कालवून, गाळून, कढवायची, आणि तळाशी सोऱ्याचे पांढरे खडे धरले की ते वेचायची, हे तिचं काम. सोऱ्याने तिच्या बोटांच्या पेरांना भेगा पडलेल्या असत. दारूखान्याचा कायदा तिला कुणी शिकवायला नको होता. पण बाईला आणखीही एक गोष्ट माहीत होती, आणि ती तिने अनुभवातून घेतली होती. तिची पहिली दोन मुलं पाचवी न बघताच गेली. तिसऱ्या खेपेला सुईणीने तिच्या उशाखाली विळा ठेवला. तो मुलगा जगला. त्याचं नाव खेमा. पुढे त्या विळ्याचं टोक मोडलं, तेव्हा ठकूबाईने ते फेकलं नाही. फडक्यात बांधून देवाच्या कोनाड्यात ठेवलं. माझं पोर कुणी राखलं असेल तर या लोखंडानं, असं तिला मनापासून वाटे. तिला हसण्याचा अधिकार आपल्याला नाही.

खेमा वयात आला तो बापापेक्षा कसबी निघाला. वाळलेली दारू चाळायची म्हणजे जिवाशी खेळ. ओली असते तोवर ती गरीब गाय. वाळली की तिची धूळ उडते आणि त्या धुळीला निमित्तच हवं असतं. खेमाचा हात इतका हलका, की चाळणीखाली धूळ म्हणून उडत नसे. मार्गशीर्षात त्याचं लग्न ठरलं. मांडव पडला, हळद लागली, उष्टी हळद नवरीकडे रवाना झाली. आणि त्याच सकाळी गडावरून जासूद उतरला. गनीम घाटाच्या तोंडाशी आला होता, आणि गडावरची दारू पावसाळ्यात ओल धरून ढेकळं झाली होती. ती पुन्हा कुटून, वाळवून, चाळून दोन दिवसांत वर पोचायला हवी, असा किल्लेदाराचा हुकूम होता.

चाळायला खेमाशिवाय कोण? निंबाजीच्या डोळ्यांवर तोवर धुराने पडदा आला होता.

“हळदीचं पोर दारूखान्यात धाडता?” ठकूबाई म्हणाली. “अवं, अक्षता तरी पडू द्या.”

“गनीम थांबतोय व्हय आपल्या अक्षतांसाठी?”

“मग सुरी तरी ऱ्हाऊ द्या त्याच्यापाशी.”

निंबाजीने तिच्याकडे नुसतं बघितलं. “ठके, तू दारूगराची बायको हायेस,” तो म्हणाला. इथेच ती भांडली असती, रडली असती, अंगणात लोळली असती तर बरं झालं असतं, असं गावातल्या बाया अजून म्हणतात.

ती घरात गेली. कोनाड्यातलं विळ्याचं टोक काढलं. ती काही खुळी नव्हती; तिने त्याला कापडाचे सात पदर गुंडाळले, म्हणजे ते कशावर घासायला नको. मग खेमाच्या कमरेच्या शेल्याच्या आतल्या घडीत ते शिवून टाकलं, आणि शेला आपल्या हाताने त्याच्या कमरेला बांधला.

“आये, लई आवळलास गं,” खेमा म्हणाला.

“असू दे,” ती म्हणाली. हे त्यांचं शेवटचं बोलणं.

खेमाने बापाच्या कायद्याप्रमाणे सुरी लिंबासकट खुंटीवर अडकवली, हातातलं कडं काढलं, पाय भिजवले आणि आत गेला. आत आणखी आठ माणसं कुटायला, वाळवायला होती. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत निम्मं काम झालं. पहिली खेप घेऊन निंबाजी स्वतः गडावर चढला. आत त्यानंतर काय घडलं ते सांगायला कुणी उरलं नाही. असं सांगतात, की दीड दिवस बसून-उठून त्या कापडाचे पदर विरले असावेत, आणि खेमा चाळणी ठेवायला वाकला तेव्हा टोक उखळाच्या दगडावर ओरखडलं असावं. गारगोटीवर लोखंड घासून चूल पेटवणारी आपण माणसं. पुढचं वेगळं सांगायला नको.

ठकूबाई मांडवाला आंब्याचे डहाळे बांधत होती. आधी उजेड आला, मग आवाज, आणि आवाजामागून वारा. मांडव आडवा झाला. गावातली कौलं उडाली, आणि पाळण्यातली लेकरं रडायची थांबली. वर येऊन बघतात तो दारूखाना नव्हता. खड्डा होता. नऊ माणसांमधलं ओळखू येईल असं काही हाती लागलं नाही. तेवढा कडुनिंबाचा खांब उताराला फेकला गेला होता, आणि त्याच्या खुंट्यांवर नऊ जणांची कडी, अंगठ्या, चाकू जसेच्या तसे होते. खेमाच्या सुरीला लिंबूही तसंच होतं.

त्या खुंट्यांनीच घात केला. किल्लेदाराने वस्तू मोजून घेतल्या. आत गेलेल्या प्रत्येकाचं लोखंड बाहेर आहे, मग आत ठिणगी कुठून आली? कुणीतरी मुद्दाम लावली. आणि त्या वेळी दारूखान्याचा धनी तेवढा नेमका बाहेर होता. निंबाजी गनिमाला फितला, असा न्याय झाला. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, इथे तर चोरही नव्हता. निंबाजीला एकच विचारलं गेलं, आणि त्याने एकच उत्तर दिलं. “माझ्या दारूखान्यात लोखंड जात न्हाई.” जितक्या वेळा तो हे म्हणाला, तितका त्याच्याभोवतीचा फास आवळत गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी कडेलोट ठरला.

खरं काय ते एकट्या ठकूबाईला ठाऊक होतं. ती गप्प राहिली असती तर पोराची अभागी आई म्हणून गावाने तिला पोटाशी धरलं असतं. बोलली असती तर नऊ जिवांची राख तिच्या पदरात. त्यात एक तिच्या स्वतःच्या पोटचा. सकाळी ती गडाची वाट चढली. ज्यांचे नवरे, मुलगे गेले त्या सगळ्या घरच्या बाया कड्यावर आधीच जमल्या होत्या, निंबाजीला पडताना बघायला.

“त्यांना सोडा,” ती म्हणाली. “लोखंड म्या घातलं.”

कुणाला काही उमगेना. मग तिने सगळं सांगितलं, विळा, उशी, सात पदर, शेला. “पोराला काई व्हऊ ने म्हून,” एवढं म्हणून ती खाली बसली. निंबाजीच्या दोऱ्या सोडल्या गेल्या. सुटल्यावरही तो कड्याकडे तोंड करून तसाच उभा राहिला, असं म्हणतात.

किल्लेदाराने त्या बायांना विचारलं, हिचं काय करायचं? मग बाळाई नावाची म्हातारी पुढे झाली. तिचे दोन मुलगे त्या खड्ड्यात गेले होते. ती म्हणाली, “हिला मारू नगा. हिला आमच्यात ऱ्हाऊ द्या.” ही दया होती की शिक्षा, यावर सोरवाडीत अजून एकमत नाही.

चौथ्या दिवशी गड पडला. तोफा होत्या, गोळे होते, पण पहिल्या खेपेची दारू संपली होती. निंबाजी अकरा वर्षं जगला. भाकर वाढ, पाणी दे, एवढं तो बायकोशी बोले. पण ‘ठके’ अशी हाक त्याने पुन्हा मारली नाही. ती ऐकायला तिचा जीव तुटत असे, असं शेजारणी सांगायच्या. खड्डा पाण्याने भरला आणि त्याचं तळं झालं. गावात तीन वर्षं कुणाला हळद लागली नाही.

चौथ्या वर्षी बाळाईच्या नातवाचं लग्न निघालं. नातवाची आई त्या स्फोटातच विधवा झालेली. ती एक दिवस ठकूबाईच्या दारात येऊन उभी राहिली. इतक्या वर्षांत तो उंबरा कुणी चढलं नव्हतं. “पोराच्या हातात काय देऊ?” तिने विचारलं. ठकूबाईने पांगाऱ्याचं लाकूड घेतलं आणि सुरी तासून दिली. मग त्या दोघी नवऱ्या मुलाला घेऊन तळ्याकाठी आल्या. ठकूबाईने सगळ्या गावासमोर त्याचा शेला सोडला, घडीन् घडी उलगडून झटकली, आणि त्याच्या आईला म्हणाली, “आता तू सांग.” आईला कळलं काय सांगायचं ते. “म्या काई बांधलं न्हाई,” ती म्हणाली. तेव्हा कुठे ठकूबाई रडली, असं सांगतात. तोवर तिला रडताना कुणी पाहिलं नव्हतं.

आजही सोरवाडीत हळदीआधी नवरदेवाला तळ्यावर आणतात. पट्टा, घड्याळ, मोबाईल काढून ठेवतात आणि आई त्याच्या कपड्यांच्या शिवणी चाचपते. मग मोठ्याने म्हणते, “मी काही बांधलं नाही.” पोरं कंटाळतात, फोटोवाला घाई करतो. बहुतेक आया वाक्य म्हणून मोकळ्या होतात. पण पाच-सहा वर्षांनी एखादी अशी येते, जी तिथे उभी राहून काही बोलत नाही. सगळे थांबतात. तिला कुणी रागावत नाही, घाई करत नाही. शेवटी ती मान खाली घालते, मुलाच्या सदऱ्याच्या घडीतून एखादा खिळा, एखादी बिब्ब्यात टोचलेली सुई काढते आणि तळ्यात टाकते. लोखंड बुडेपर्यंत ती बघत राहते. मग म्हणते, “आता काही नाही.”