यल्लाक्काची खिडकी

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. किती वर्षांपूर्वीची ते विचारू नका. मोजायला मी नव्हतो आणि तुम्हीही नव्हता.

आमच्या सावरखडीत देवीची साथ आली. वाचलेल्या पोरांपैकी कितीकांचे डोळे गेले. यल्लाक्का टाकारीण गावोगाव छिन्नी-हातोड्याने जात्यांना टाकी लावत फिरायची, तिचेही दोन्ही गेले. तिची माणसं तिला इथंच टाकून पुढच्या गावाला निघून गेली. माणसं असलीच.

आंधळी पोरं तेव्हा गोठ्यात दावणीशी बसवून ठेवायचे. यल्लाक्का म्हणाली, "ती पोरं मला द्या. दोर वळाय शिकवते, गाणी शिकवते. शाळाच म्हणा की."

गावाने माळावर दगडी खोली बांधून दिली. भक्कम. पण खिडकी एक नाही! पाटील म्हणाला, आंधळ्यांना खिडकी कशाला?

पोरं आली, कोंदट हवेत रडली, आणि संध्याकाळी घरी गेली ती गेलीच. यल्लाक्का एकटी उरली. रोज सकाळी पोरांची नावं घेऊन हाका मारायची. उत्तर भिंत द्यायची. असं म्हणतात, त्या भिंतीला कान लावला तर ती नावं अजून ऐकू येतात.

मग तिने छिन्नी-हातोडा काढला आणि भिंतच फोडायला घेतली. काळा पाषाण तो! पावसाळा सरला, थंडी सरली, ठक ठक काही थांबेना. पाटील तणतणत आला.

"गावाने बांधलेली भिंत फोडतेस? दिसणार काय तुला त्यातून?"

"पाटील, तुमी झोपताना डोळं मिटता, तवा माडीची खिडकी बुजवता का? मला दिसायचं ऱ्हाऊ द्या. मी हितं हाय, हे वाऱ्याला तरी कळंल."

असं म्हणतात, पहिला दगड बाहेर पडला त्या दुपारी वारा माळावर थबकला, मग आत शिरला आणि छिन्नीचा आवाज घेऊन दारोदार फिरला. यल्लाक्काने भोकातून हात बाहेर काढला. बाहेर काय, नुसता माळ. तरी काढून ठेवला.

तो हात कुणीतरी धरला.

"आत कोण हाय?"

"मी यल्लाक्का. भाईर कोण हाय?"

पाटलाची नात होती, चंद्रा. पाटलाच्या घरात आंधळी नात आहे हे गावाला ठाऊकच नव्हतं. आवाजाच्या मागाने काट्यांतून एकटी चालत आलेली. पाटलाने तिला ओढली, गड्यांनी ओढली. असं म्हणतात, ती पकड कुणालाच सोडवता आली नाही. शेवटी पाटलानेच पहार घेतली आणि भोक मोठं केलं. मग गोठ्यांतली पोरंही आली.

आता शाळा मोठी आहे, चारी बाजूंना खिडक्या. यल्लाक्काची समाधी मात्र कुठंच नाही. ती खिडकीतून वाऱ्याबरोबर गेली, असं म्हणतात.

अजूनही सावरखडीत घर बांधताना मालक डोळे मिटून खिडकीच्या भोकातून हात बाहेर काढतो. बाहेरून कुणी तो धरल्याशिवाय गवंडी चौकट बसवत नाही. ज्याचं गावात एकाशीही पटत नाही, त्याचा हात कोण धरणार? त्याच्यासाठी शाळेतलं एखादं पोर चाचपडत येतं. हात धरतं आणि विचारतं, "आत कोण हाय?"

आपण आपलं नाव सांगायचं.