पाटी कुठं लावायची

पंचायत समितीनं वाटलेलं सोयाबीनचं बियाणं हौसाक्काच्या अर्ध्या रानात उगवलंच नाही. कृषी विस्तार अधिकारी टेकाळे गाडीतून खालीही न उतरता म्हणाले, "बियाणं चांगलंच आहे. तुमच्या जमिनीतच खोट." त्याच रानाच्या उरलेल्या अर्ध्यात हौसाक्कानं घरचं बियाणं पेरलं होतं. ते कमरेला लागलं.

मग जिल्ह्याचे मोठे साहेब पाहणीला येणार असं कळलं, आणि याच टेकाळ्यांनी त्या हिरव्यागार पिकात पाटी ठोकली: 'कृषी विभागाचे यशस्वी प्रात्यक्षिक'. हौसाक्काला विचारलंसुद्धा नाही. दुसऱ्याच्या चुलीवरची भाकरी आपली म्हणून पाहुण्याला वाढायची, याला लाज कशी वाटत नाही?

मोठे साहेब आले, तेव्हा पाटी उघड्या, काळ्या रानात उभी होती. टेकाळ्यांचा चेहरा पडला.

"ही इथं कुणी लावली?" साहेबांनी विचारलं.

"मी," हौसाक्का म्हणाली. "यांचं बियाणं इथं पेरलंय. पलीकडचं पीक माझ्या घरच्या बियाण्याचं. त्याला पाटी लागत नाही, ते रस्त्यावरूनच दिसतं. इथं कुणी काही पेरलं होतं, हे मात्र पाटीशिवाय तुम्हाला कसं कळलं असतं?"