बाद केलेल्या नऊ डिश

"...आणि उरलेल्या नऊ?" बाईंनी विचारलं.

वैजनाथने ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि पुढचं पान उलटलं. पुण्याहून सकाळच्या एसटीने तो सासवडला आला होता, तो आपला शोधनिबंध बाईंच्या नजरेखालून घालायला. जाब द्यायला नव्हे.

बाई म्हणजे डॉ. कुमुद घाणेकर. उभा जन्म त्यांनी मेंदूच्या पेशींचा अभ्यास केला, आणि निवृत्त होऊन भावाकडे राहायला आल्यावर, गेल्या मार्गशीर्षात, त्यांच्याच मेंदूत रक्ताची गुठळी अडकली. उजवा हात गेला. बोलणंही गेलं. ते आता एकेका शब्दाने परत येत होतं. कधीकधी भलताच शब्द पुढे यायचा.

वैजनाथ बिरादार त्यांचा शेवटचा विद्यार्थी. निलंग्याचा. हुशार, आणि आपण हुशार आहोत हे घटकाभरही न विसरणारा.

त्याचा विषय बाईंचाच होता. माणसाच्या मोठ्या मेंदूतल्या पेशींवर टेलेन्सेफॅलिन नावाचं एक प्रथिन असतं. पेशीला पेशी चिकटवणाऱ्या प्रथिनांपैकी ते एक. कोवळी पेशी आपली बारीक बोटं बाहेर काढून आजूबाजूला चाचपडत असते. एखादं बोट दुसऱ्या पेशीला भेटतं, तिथेच स्थिरावून जाड होतं, आणि सांधा बसतो. माणूस जे शिकतो ते अशा सांध्यांत टिकून राहतं.

तीस वर्षांपूर्वी बाईंनी लिहिलं होतं : हे प्रथिन जितकं जास्त, तितका सांधा पक्का.

त्या एका वाक्यावर बाईंचं नाव झालं. वैजनाथच्या निबंधाची सुरुवातही त्याच वाक्याने होत होती.

माणसाच्या कातडीपासून घडवलेल्या मेंदूच्या पेशी त्याने चाळीस डिशमध्ये वाढवल्या होत्या. निबंधात एकतीसच डिश होत्या.

"नऊ," बाई पुन्हा म्हणाल्या.

"त्या खराब झाल्या, बाई. मी बहिणीच्या लग्नाला गेलो होतो. त्या आठवडाभर जास्त राहिल्या."

"पेशी... मेल्या?"

"नाही."

"मग?"

वैजनाथने पाण्याचा पेला उचलला, प्यायला नाही, तसाच ठेवला.

"तुमच्या वाक्यात बसत नव्हत्या."

बराच वेळ बाई एका शब्दामागे लागलेल्या दिसल्या. ओठ हलत होते.

"खिडक्या... दाखव," त्या अखेर म्हणाल्या.

फोटो म्हणायचं होतं त्यांना. वैजनाथला ते कळलं. एके काळी याच बाईंच्या एका प्रश्नासरशी भरलेलं सभागृह चिडीचूप व्हायचं. यांना आता काय समजणार, असं त्याच्या मनात आलं. आणि आपण त्यांच्या नावाला जपतोय, या विचाराने त्याला स्वतःबद्दल थोडं बरंही वाटलं.

त्याने लॅपटॉप उघडून त्यांच्या मांडीवर ठेवला.

बाईंनी नऊ डिशचे फोटो पाहिले. मग एकतीस डिशचे. मग पुन्हा नऊ डिशचे. वहिनींनी आणून ठेवलेला चहा गार झाला. डाव्या हाताचं बोट पडद्यावर टेकवून त्या एकेका पेशीपाशी थांबत होत्या, मागे जात होत्या, पुन्हा पुढे येत होत्या.

आणि मग त्या हसल्या.

आजारपणानंतर त्यांना असं हसताना घरात कोणी पाहिलं नव्हतं. वहिनी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

"काय झालं, बाई?"

"तू... बोटं मोजलीस."

"मी सांधे मोजलेत."

बाईंनी मान हलवली. एकतीसपैकी एक फोटो पुढे केला. प्रथिनाने उजळलेली पेशी, तिला फुटलेली बारीक बोटं, आणि दुसऱ्या पेशीला जिथे जिथे बोट लागलंय तिथे तिथे वैजनाथने केलेली खूण. मग नऊपैकी एक. बोटं थोडी, प्रथिन जवळजवळ नाहीच, पण जिथे सांधा होता तिथे तो जाडजूड, भरलेला.

"ही नुसती... शिवतायत," पहिल्या फोटोवर बोट ठेवून त्या म्हणाल्या. "मीसुद्धा... तीस वर्षांपूर्वी... बोटंच मोजली."

वैजनाथच्या कानशिलांत रक्त चढलं. या एकतीस डिशवर त्याची तीन वर्षं गेली होती. आपल्या आवाजात राग येऊ नये म्हणून तो सावकाश बोलला.

"बाई, हे बाहेर गेलं तर लोक म्हणतील, घाणेकरांचं चुकलं."

"चुकलं," बाई म्हणाल्या. जसं काही त्याने बाहेर ऊन आहे का विचारलं होतं.

त्यांनी पेन मागितलं. डाव्या हातात ते नीट बसेना. वैजनाथ मदतीला वाकला, तशी त्यांनी कोपराने त्याला बाजूला सारलं. निबंधाच्या पहिल्या पानावरच्या पहिल्या वाक्यावर, स्वतःच्या वाक्यावर, त्यांनी रेघ ओढायला घेतली. रेघ वाकडी गेली. कागद टरकला. त्या थांबल्या नाहीत. वाक्याच्या शेवटच्या अक्षरापर्यंत रेघ गेली तेव्हा त्यांच्या कपाळावर घाम आला होता.

मग त्यांनी गार चहा एका दमात संपवला.

वैजनाथ तसाच परत आला. दोन दिवस प्रयोगशाळेत गेला नाही. बाईंचं डोकं पहिल्यासारखं राहिलेलं नाही, असं त्याने स्वतःला चारचारदा सांगून पाहिलं. पण फोटो डोळ्यांपुढून हलेनात. बोटं नुसती शिवत होती. एकदा दिसल्यावर ते न दिसणं त्याला जमेना.

तिसऱ्या दिवशी तो गेला, आणि ज्या प्रयोगाला तो तीन वर्षं बगल देत आला होता तोच त्याने हातात घेतला. पेशींमधून ते प्रथिन पुरतं काढून टाकायचं आणि काय होतं ते पाहायचं. बाईंचं वाक्य खरं असेल तर एकही पक्का सांधा बसता कामा नये.

पेशी तयार व्हायला आषाढ उजाडला, वाढायला श्रावण सरला. या वेळी त्याने स्वतःवर विश्वास ठेवला नाही. डिशवरच्या खुणा कागद चिकटवून झाकल्या आणि शेजारच्या प्रयोगशाळेतल्या फिरदोसला मोजायला बसवलं. कोणत्या डिशमध्ये प्रथिन आहे, कोणत्यात नाही, हे तिलाही ठाऊक नव्हतं. फक्त जाड, भरलेले सांधे मोज, एवढंच त्याने सांगितलं. तिचं मोजून होईपर्यंत तो जिन्यावर बसून राहिला.

फिरदोसने आकड्यांचा कागद आणून दिला. वैजनाथने एकेक चिकटवलेला कागद सोलून काढला आणि आकडे जुळवले.

प्रथिन नसलेल्या डिश सांध्यांनी गच्च भरल्या होत्या. तेही ठरल्या वेळेच्या कितीतरी आधी. प्रथिन भरपूर होतं तिथे बोटंच बोटं, अजून चाचपडणारी, कुठेच न स्थिरावलेली. हे प्रथिन सांधा धरून ठेवत नव्हतं. ते पेशीची बोटं कोवळी ठेवत होतं, तिला चाचपडायला उसंत देत होतं, आणि ते बाजूला झालं की मगच सांधा पक्का होत होता.

त्याने पुन्हा जुळवून पाहिलं. मग तिसऱ्यांदा. आधी त्याला भीती वाटली, आणि मग तिच्या खालून असा काही आनंद उसळला की तो तिथेच खुर्चीत मागे रेलून हसत सुटला. फिरदोसला वाटलं, आपलं मोजणं चुकलं.

मार्गशीर्षात संस्थेच्या सभागृहात त्याचं व्याख्यान झालं. भावाने बाईंना गाडीतून आणलं आणि चाकांच्या खुर्चीत पहिल्या रांगेपाशी बसवलं. जुने सहकारी आले होते, त्यांचे विद्यार्थी आले होते. मागे लोक उभे होते.

वैजनाथने पहिलंच वाक्य म्हटलं, "आमच्या बाईंचं चुकलं होतं, आणि तीन वर्षं मी ती चूक झाकत होतो."

काहींनी बाईंकडे चोरून पाहिलं.

त्याने सगळं दाखवलं. एकतीस डिश दाखवल्या, नऊ दाखवल्या, त्या का बाद केल्या होत्या तेही सांगितलं. मग नवे आकडे पडद्यावर आणले. तो बोलायचा थांबला तेव्हाही लोक पडद्याकडेच पाहत होते.

पहिला आवाज पुढून आला. बाई डाव्या हाताने खुर्चीच्या दांडीवर थाप मारत होत्या. एक, दोन, मग भराभर. मग मागून टाळ्या सुरू झाल्या, आणि बघता बघता अख्खं सभागृह उभं राहिलं. टाळ्या वैजनाथसाठी होत्या, पण अर्धे लोक बाईंकडे तोंड करून वाजवत होते.

वैजनाथ मंचावरून उतरला. आठ महिन्यांपूर्वी सासवडहून परतताना या बाईंविषयी आपण काय काय बोललो स्वतःशी, ते त्याला आठवलं. त्याने वाकून त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं.

"बाई, आशीर्वाद द्या."

बाईंनी डावा हात त्याच्या डोक्यावर ठेवला. शब्द यायला वेळ लागला. आजूबाजूचे लोक थांबले.

"तुझी चूक काढणारा..." त्या म्हणाल्या, "लवकर भेटो तुला."