रथाखालच्या चकत्या

फार फार वर्षांपूर्वी एका राजाकडे त्याच्या आजोबांच्या वेळचा शर्यतीचा रथ होता. दर दसऱ्याला त्याला नवा रंग लागे, झेंडूच्या माळा चढत. रथाखाली वाकून मात्र कुणी बघत नसे. पूजा काय, दिसेल त्याचीच होते.

पुढे हा रथ धावताना डावीकडे ओढला जाऊ लागला. प्रधान म्हणाला, "महाराज, डावीकडची घोडी म्हातारी झाली. तिला मीठवाल्यांच्या तांड्याला देऊन टाका." राजाने मान डोलावली. तांडा चार दिवसांनी निघणार होता.

शिंगरू होती तेव्हापासून सारथ्याने तिला वाढवलं होतं. मिठाच्या गोण्यांखाली ती महिनाभरही टिकली नसती. खोट तिच्यात नाही हे त्याला ठाऊक होतं. पण नुसतं ठाऊक असून भागत नाही, दाखवताही यावं लागतं.

तो रथाखाली शिरला. चाकांचा आस आणि रथाचं धूड यांच्यामध्ये धक्के झेलायला चामड्याच्या जाड चकत्या होत्या. त्या झिजून पापडासारख्या झाल्या होत्या. त्याने रथ ठोकळ्यांवर उचलला, नव्या चकत्या बसवल्या आणि त्यांच्या चामडी वाद्या जीव खाऊन आवळल्या. दोनच दिवसांत त्या चकत्याही फाटल्या आणि रथ पुन्हा डावीकडे जाऊ लागला.

"घोडीला धावता येईना आणि म्हणे रथ वाकडा," प्रधान हसला.

आता एकच दिवस उरला होता. सारथी फाटक्या चकत्या घेऊन चर्मकाराकडे गेला. "बाबा, तुमचं चामडं कच्चं निघालं," तो चिडून म्हणाला.

म्हाताऱ्या चर्मकाराने चकती बोटांत फिरवून पाहिली. "चामडं चांगलंय. पीळ बसून फाटलंय. वाद्या आवळल्यास तेव्हा रथ कुठं होता?"

"ठोकळ्यांवर. चाकं अधांतरी."

"मग? वहाणेचा पट्टा पायात घालून आवळतोस की खुंटीला टांगून? रथ खाली उतरव, त्यात माणूस उभा कर आणि मग आवळ. ओझं आलं की चामडं आपली जागा धरतं."

सारथी ओशाळला, पण मनावरचा अर्धा भार तिथेच उतरला. नव्या चकत्या घेऊन तो परतला, त्या बसवल्या, पण वाद्या सैल ठेवूनच रथ खाली उतरवला.

सकाळी तांडा वेशीशी येऊन थांबला होता. सारथ्याने हात जोडले. "महाराज, घटकाभर रथात उभे राहा. शर्यतीत वजन आपलंच असतं."

राजा चांगला अंगापिंडाने भरलेला होता. तो कुरकुरत चढला आणि रथ चार बोटं खाली बसला. सारथ्याने धुळीत पाठ टेकून एकेक वादी आवळली. मग डावीकडे तीच घोडी ठेवून घोडे जुंपले आणि राजाला घेऊन तो नदीपर्यंत जाऊन आला. रथ सुतासारखा सरळ धावला.

राजा उतरला आणि घोडीजवळ गेला. "ही बिचारी रथाला सरळ ठेवायला झटत होती आणि आम्ही तिलाच वाकडी म्हणत होतो," तो म्हणाला. प्रधान आकाशाकडे बघू लागला.

तांडा घोडीवाचून निघून गेला. सारथी तिच्या मानेत तोंड खुपसून खूप रडला आणि रडून झाल्यावर त्याला कडकडून भूक लागली. पुढच्या दसऱ्याला राजाने पहिलं फूल वाकून रथाखाली वाहिलं.

तात्पर्य : दोष देण्याआधी वाकून पाहावं आणि गाठ आवळण्याआधी ओझं अंगावर घ्यावं.