माळेतली गाठ

त्या राज्याला नदीचे दोन काठ होते आणि ते जोडणारा एकच ओंडका होता.

फार पूर्वी एक हत्ती त्यावरून सुखरूप पलीकडे गेला होता. जाण्याआधी सुतार पक्ष्याने काठाजवळ चोच मारून पाहिली होती आणि ओंडका टण् वाजला होता. चोच पडली तिथे लाकडात घट्ट गाठ होती. प्राण्यांनी त्या गाठीला वेलीची माळ घातली. तेव्हापासून दर हिवाळ्याच्या तोंडी सुतार पक्ष्याच्या घरातल्या कुणीतरी माळेच्या आत चोच मारायची, सगळ्यांनी टण् ऐकायचे आणि कारभारी अस्वलाने जाहीर करायचे, "हत्ती पेलतो."

यंदा मान सुतारिणीचा होता. तिने चोच मारली. टण्. सगळे निर्धास्त झाले.

अलीकडच्या काठावरचा चारा संपला होता. हत्तीण पिल्लाला घेऊन काठावर उभी होती. ती म्हणाली, "बाई, माझं पाऊल काही माळेतच पडणार नाही. जरा पुढेही वाजवून बघतेस का?"

"असं आजवर कुणी मागितलं नाही," अस्वल म्हणाले.

"आजवर माझं पिल्लू नव्हतं, कारभारी."

सुतारीण उड्या मारत पुढे गेली. थोड्या अंतरावर आवाज उतरला. मधोमध तर ओंडका फुटक्या मडक्यासारखा बद्द वाजला.

"हिचीच चोच बोथट झाली असेल," साळुंकी म्हणाली.

"मग माळेत शिरली की धार येते वाटतं, साळूबाई?" सुतारीण म्हणाली.

दोघे-चौघे हसले. अस्वल हसले नाही. "म्हणजे आपले वाडवडील खोटे?"

"खोटे कशाला? त्यांनी तेव्हाचं सांगितलं. आज सशांनी, हरणांनी खुशाल जावं. रानडुकरांनी एकेकानं. हत्तीचं मी सांगत नाही. मधे टेकू द्या, मग पुन्हा वाजवीन."

"आणि पुढच्या वर्षी?"

"पुढच्या वर्षी पुन्हा विचारावं लागेल."

टेकू कुणी दिला नाही. गाठीवरची माळ मात्र बदलली. हत्तीण नदीच्या उगमाला वळसा घालून गेली. वाटेत पिल्लाचे तळवे सोलले, ते अगदी हाडकुळे झाले. हरणे पलीकडून त्यांच्या बातम्या आणत आणि अस्वल म्हणे, "ओंडका तर जागेवर आहे. उगीच चालवलं बिचाऱ्यांना." सुतारिणीला कुणी फांदीवर शेजारी बसू देईना. तिलाही कधी कधी वाटे, आपलंच तर चुकलं नसेल?

पावसाळा आला आणि गेला. पाणी ओसरले तेव्हा ओंडक्याचा मधला भाग वाहून गेलेला होता. काठाच्या चिखलात रुतलेले गाठीचे टोक तेवढे राहिले होते.

हिवाळ्याच्या तोंडी सगळे रीतीप्रमाणे जमले. अस्वलाने त्या टोकाला ताजी माळ घातली आणि सुतारिणीकडे पाहिले. तिने चोच मारली.

टण्.

पलीकडच्या काठावर चरता चरता हत्तीच्या पिल्लाने मान वर केली आणि कान टवकारले.