स्वर्गाचा हार

यज्ञांचा धूर गावोगाव निघायचा, तेव्हाची गोष्ट. बळीसाठी धवळ्या बोकडाची निवड झाली, त्याच्या गळ्यात जास्वंदीचा हार पडला, आणि चितऱ्या बोकडाचा नुसता जळफळाट झाला.

म्हातारा भुरा बोकड दरवर्षी एकेकाला बळीच्या खांबापर्यंत पोचवायचा आणि एकटाच परतायचा. तो म्हणाला, "धवळ्या उद्या थेट स्वर्गात! तिथे नुसता हिरवा पाला."

"यालाच का?" चितऱ्या भडकला. "आजोबा, इतकी वर्षं तुम्ही राबलात. हार तुम्हीच घाला, उद्या तुम्हीच जा!"

"खरंच की!" कळप ओरडला.

भुरा झटकन मागे सरला. "नको रे बाबांनो, मी इथेच बरा."

चितऱ्याचा हेवा जागच्या जागी विझला. त्याने धवळ्याच्या गळ्यातला हार खाऊन टाकला, आणि दोघांनी कुंपणावरून उडी मारली.